दयेचा अर्ज आणि सागरतीर

(मालवण येथील व्याख्यानाचा संपादित अंश)



आंतरराष्ट्रीय गुन्हेगारांना क्षमा हा विषय मालवणात कशासाठी, असे आपणांस वाटले असेल. परंतु कोकणचा किनारा या विषयाच्या फार जवळ आहे. 1993च्या फेब्रुवारीत मुंबई स्फोटांसाठीचे आरडीएक्स उतरले ते रायगडातील शेखाडीला. 2008च्या नोव्हेंबरात कसाब आणि त्याचे नऊ साथीदार आले तेही समुद्रातून. वाटेत त्यांनी पोरबंदरची ‘कुबेर’ नौका बळकावली, तिच्यावरील खलाशी मारले गेले आणि मुंबई जवळ आल्यावर तांडेलाचाही गळा चिरला गेला. आम्ही पत्रकारांनी ताजमहाल हॉटेलवर रकानेच्या रकाने लिहिले, त्या तांडेलाच्या वाट्याला चार ओळी आल्या. समोर बसलेल्या दर्यावर्दी मंडळींना अधिक काय सांगावे?

29 ऑगस्ट 2012 रोजी सर्वोच्च न्यायालयाने कसाबची फाशी कायम केली. त्याने राज्यघटनेच्या 72व्या कलमान्वये दयेची याचना केली. राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांनी 5 नोव्हेंबरला ती फेटाळली आणि 21 नोव्हेंबरला येरवड्यात शिक्षेची अंमलबजावणी झाली. अशा नराधमाला अर्जाची तरी मुभा का, असा संतप्त प्रश्न तेव्हा घराघरांतून विचारला गेला. संताप स्वाभाविक होता. पण मुभा दिली हेच योग्य झाले. अर्ज ऐकणे म्हणजे क्षमा करणे नव्हे.

खरा धोका दिरंगाईचा आहे. राजीव गांधी हत्येतील तिघांचे दयेचे अर्ज 11 वर्षे निर्णयाविना पडून होते. जानेवारी 2014मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, असा अकारण विलंब हे फाशी रद्द करण्याचे कारण ठरू शकते. पुढच्याच महिन्यात त्या तिघांची फाशी जन्मठेपेवर आली आणि 2022मध्ये ते सुटलेही. त्यांना दया कोणा राष्ट्रपतींनी दाखवली नाही, ती धूळ खात पडलेल्या फाइलीने दाखवली!

दुसरा धोका राजकीय सोयीचा. न्यूरेंबर्गच्या खटल्यांत शिक्षा झालेल्या अनेक नाझी अधिकाऱ्यांना लँड्सबर्गच्या तुरुंगात ठेवले होते. जानेवारी 1951मध्ये अमेरिकेचे उच्चायुक्त मॅक्लॉय यांनी त्यांच्यापैकी बहुतेकांच्या शिक्षा घटवल्या. गुलामांकरवी कारखाने चालवणारा उद्योगपती क्रुप सुटला, त्याची मालमत्ताही परत मिळाली. कोरियात युद्ध पेटले होते, रशियाविरुद्ध पश्चिम जर्मनी हाताशी हवा होता. ज्यांची कुटुंबे छळछावण्यांत संपली, त्यांची संमती कोणी घेतली? मानवाधिकारांचे पाठ आपणांस देणाऱ्यांचा हा इतिहास आहे, म्हणून मुद्दाम सांगतो.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने दयेच्या अर्जाला प्रथमच कालमर्यादा घातली. कैद्याने 30 दिवसांत अर्ज करायचा. राज्याचा अभिप्राय आल्यावर केंद्राने 60 दिवसांत शिफारस करायची. मात्र ती शिफारस राष्ट्रपती भवनात पोहोचल्यानंतर किती दिवसांत निर्णय व्हावा, याची मुदत संहितेत घातलेली नाही. आपल्या लोकप्रतिनिधींना आपण हे विचारायला हवे, आणि ते पुढच्या एखाद्या ‘कुबेर’ची वाट न पाहता.