गिलाव्यापूर्वींचा एक नकाशा

यवतमाळ शहराबाहेरील एखाद्या नव्या वसाहतींत घर बांधावयास काढलेला गृहस्थ पाण्याचा विचार किती बारकाईनें करतो, हें पाहण्यासारखें असतें. विहीर कीं कूपनलिका, टाकी किती लिटरची, ती गच्चीच्या कोणत्या कोपऱ्यांत बसवावी, स्वयंपाकघरांतील नळास दाब पुरेल कीं नाहीं, याची गवंड्याशीं आठ-आठ दिवस चर्चा चालते. त्यांत नवल नाहीं. इ. स. २०१८ च्या उन्हाळ्यांत निळोणा व चापडोह या जलाशयांतील पाणी सरत आलें, तेव्हां घागरभर पाण्याची किंमत काय असते हें या शहरानें पाहिलें आहे. परंतु त्याच घरांत ज्या दुसऱ्या एका प्रवाहावर मुलांचा अभ्यास, थोरल्याची नोकरी आणि म्हाताऱ्या माणसांचा विरंगुळा अवलंबून राहावयाचा, त्याचा विचार मात्र वास्तुशांतीच्या आदल्या दिवशीं होतो. इंटरनेटचा प्रकाशतंतु घेऊन आलेला मनुष्य 'पेटी कोठें लावूं?' असें विचारतो, आणि दिवाणखान्यांत टी. व्ही. जवळ जो प्लग मोकळा असेल तेथें ती लागते. पुढील वीस वर्षांचा निर्णय असा अर्ध्या मिनिटांत होऊन जातो.

या निर्णयाचें फळ घरांतील सर्वांस सारखें मिळत नाहीं. दिवाणखान्यांत बसून बातम्या पाहणाऱ्या यजमानास कसलाच त्रास नसतो. त्रास होतो तो मागील खोलींत अभ्यास करणाऱ्या मुलीस, वरच्या मजल्यावर बसून पुण्याच्या कचेरीचें काम करणाऱ्या मुलास, आणि माजघरापलीकडील खोलींत दिवस काढणाऱ्या आजीस. इ. स. २०२० च्या मार्चमध्यें शाळा बंद झाल्या व वर्ग घरांत आले, तेव्हां हा भेद घरोघर उघड झाला. समजा, आजीचा धाकटा मुलगा परदेशीं आहे. रविवारीं त्याचा फोन येतो. पडद्यावर त्याचा चेहरा दिसतो आणि लागलीच थिजून जातो. मग दुखऱ्या गुडघ्यांनीं आजी भिंत धरीत दिवाणखान्यांत येते. तेथें पाहुणे बसलेले, टी. व्ही. चालू. चार माणसांत आई मुलाशीं मनांतलें काय बोलणार? 'बरी आहे' एवढें म्हणून ती फोन परत देते. तिच्या खोलीपर्यंत एक तार गेली असती, तर ही भेट निराळी झाली असती. तारेचा प्रश्न हा चैनीचा प्रश्न नव्हे, तो असा.

प्रथम लहर भिंतीपाशीं कां अडखळते, तें समजून घ्यावें. इ. स. १८९५ मध्यें आचार्य जगदीशचंद्र बोस यांनीं कलकत्त्याच्या टाऊन हॉलांत बिनतारी लहरी भिंतीपलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखविली व बंदुकीची दारू उडवून दाखविली. त्या काळांत त्यांनीं अभ्यासलेल्या लहरींपैकीं कांहींची लांबी अवघी ५ मिलिमीटर होती. आजची वाय-फाय ही त्याच कुळांतील. तिच्या दोन मुख्य जाति आहेत. एक २.४ गिगाहर्ट्झची, तिची लांबी सुमारे १२ सेंटिमीटर. दुसरी ५ गिगाहर्ट्झची. तिची लांबी ५ ते ६ सेंटिमीटर. पहिली मंद, पण भिंतींतून अधिक दूर जाणारी. शिवाय शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या लहरींनीं गजबजलेली. दुसरी वेगवान, परंतु भिंत लागतांच दमणारी. भिंत पार करतांना लहरीची शक्ति शोषली जाते, आणि भिंत जितकी जाड व ओलसर तितकी ती अधिक शोषली जाते. दारव्हा, पुसद किंवा वणी येथील जुन्या घरांच्या दगडमातीच्या जाड भिंती, नव्या घरांतील लोखंडी सळयांचा स्लॅब, पाण्यानें भरलेली टाकी, हे सारे या लहरीचे वैरी होत. पत्र्याच्या छपरावरून तर ती आरशावरून परतणाऱ्या किरणाप्रमाणें मागें फिरते.

यावर पुष्कळ लोक एक चुकीचा उपाय करतात. ते अधिक महागडी, चार-सहा शिंगांची पेटी आणून त्याच जागीं लावतात. तिचा आवाज मोठा असला, तरी हातांतील फोनचा आवाज लहानच राहतो. आणि संभाषणास दोन्ही बाजू ऐकूं याव्या लागतात. दुसरा उपाय, लहर झेलून पुढें फेंकणारें लहानसें यंत्र मधल्या खोलींत लावण्याचा. एकच निरोप त्याच हवेंतून दोनदां जातो. म्हणून साध्या प्रतीच्या यंत्रानें वेग जवळजवळ निम्म्यावर येतो. दाब नसलेल्या नळास दुसरा नळ जोडल्यानें पाणी वाढत नाहीं. मागील खोलीस पाणी हवें असेल, तर तेथपर्यंत स्वतंत्र पाइप न्यावा लागतो.

तो पाइप म्हणजे तांब्याची तार. गंमत अशी, कीं या तारेच्या पद्धतीचें नांवच हवेवरून पडलें आहे. इ. स. १९७३ मध्यें अमेरिकेंतील झेरॉक्स कंपनीच्या संशोधनशाळेंत रॉबर्ट मेटकाफ यांनीं तिचा आराखडा मांडला, व प्रकाशाचें वाहन म्हणून जुन्या पदार्थविज्ञानांत मानलेल्या 'ईथर' या सर्वव्यापी द्रव्यावरून तिला 'ईथरनेट' म्हटलें. तें काल्पनिक द्रव्य शास्त्रांतून गेलें, पण नांव तारेस चिकटून राहिलें. आज घरांत वापरावयाच्या तारेस 'कॅट ६' म्हणतात. तींत आठ बारीक तारा पिळा घातलेल्या चार जोड्यांच्या रूपानें असतात. हा पीळ शोभेचा नव्हे. शेजारच्या जोडीचा व बाहेरचा उपद्रव त्यामुळें टळतो. अशी तार १०० मीटरपर्यंत दर सेकंदास १ गिगाबिट इतकी माहिती बिनचूक वाहून नेते, आणि १०० मीटर लांबीचें घर जिल्ह्यांत सहसा सांपडावयाचें नाहीं. खरेदी करतांना मात्र तार शुद्ध तांब्याचीच आहे, हें पाहावें. ॲल्युमिनियमवर तांब्याचा पातळ मुलामा दिलेली तार बाजारांत स्वस्त मिळते. ती वांकवितांना तुटते, तिचा विरोध अधिक असतो, आणि तिच्यांतून वीज सोडल्यास ती अधिक तापते. वजनानें हलकी लागली, कीं शंका घ्यावी.

आतां नकाशा. तो गिलाव्यापूर्वीं, भिंतींत विजेच्या नळ्या घालतात त्याच आठवड्यांत काढावा. आधीं एक मध्यवर्ती जागा नेमावी: जिन्याखालील किंवा माजघरांतील भिंतींतलें एक लहान, हवेशीर कपाट. तें स्वयंपाकघराच्या वाफेजवळ, न्हाणीच्या ओलीजवळ किंवा पत्र्याखालील माळ्यावर नसावें. या जिल्ह्यांत मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. पत्र्याखालीं त्याहूनहि अधिक तापतें, आणि तेथें यंत्रें अल्पायुषी ठरतात. बाहेरून येणारा प्रकाशतंतु याच कपाटांत यावा, व येथूनच प्रत्येक खोलीस स्वतंत्र तार जावी. एका खोलींतून दुसरींत, दुसरींतून तिसरींत अशी माळ करूं नये. माळेंतील एक दुवा निखळला, तर पुढील सर्व घर अंधारांत पडतें.

तारा किती लागतील, याचा हिशेब सोपा आहे. दुमजली, मध्यम घर घ्या. टी. व्ही. जवळ दोन, अभ्यासाच्या खोलींत दोन, वरच्या कामाच्या खोलींत दोन, आजीच्या खोलींत एक, दोन्ही मजल्यांच्या छतांस एक-एक, आणि फाटकावरील कॅमेऱ्यास एक, मिळून दहा. प्रत्येकी सरासरी १५ मीटर धरली, तर १५० मीटर तार झाली. ही तार ३०५ मीटरच्या खोक्यांत मिळते. म्हणजे एकाच खोक्यांत सर्व काम होऊन, जेथें एक तार आहे तेथें जोडीस दुसरीहि घालतां येते. तार स्वस्त आहे; गिलावा फोडणें महाग आहे. नळ्या विजेच्या नळ्यांपासून वेगळ्या व फूटभर अंतरावर असाव्या. त्यांस ओलांडावें लागलें, तर काटकोनांत ओलांडावें. वळणें मोठीं ठेवावीं, आणि प्रत्येक नळींत एक मजबूत दोरी सोडून ठेवावी. उद्यां नवी तार ओढावयाची झाली, तर हीच दोरी गवंड्याची मजुरी वांचवील.

जें यंत्र जागचें हलत नाहीं, तें तारेवर असावें. टी. व्ही., मेजावरील संगणक, कॅमेऱ्याची पेटी, हीं तारेवर गेलीं म्हणजे हवा मोकळी होते आणि ती हातांतील फोनांस पुरते. त्या फोनांसाठीं छताच्या मध्यावर बिनतारी केंद्रें, म्हणजे ॲक्सेस पॉईंट, बसवावीं. बहुधा मजल्यास एक पुरतें. जुन्या जाड भिंतींच्या घरांत मात्र दोन-तीन खोल्यांमागें एक लागेल, व तेथें भिंती न फोडतां तुळईच्या कडेनें चपट्या पट्टींतून तार नेतां येते. सर्व केंद्रांस एकच नांव व एकच सांकेतिक शब्द द्यावा, म्हणजे जिना चढतांना फोन खालचें केंद्र सोडून वरचें धरूं शकतो. परंतु केव्हां सोडावयाचें, हें बहुतांशीं फोनच ठरवितो; म्हणून केंद्रांची शक्ति फार वाढवूं नये, नाहींतर वर गेलेला फोन खालचेंच क्षीण केंद्र धरून बसतो. २.४ गिगाहर्ट्झवर शेजारशेजारच्या केंद्रांस १, ६ व ११ यांपैकीं निरनिराळे मार्ग द्यावे. हे तिन्ही एकमेकांच्या वाटेंत येत नाहींत. घरगुती वापरास यासाठीं परवाना लागत नाहीं. भारत सरकारनें इ. स. २००५ मध्येंच २.४ गिगाहर्ट्झचा हा पट्टा परवान्यांतून मुक्त केला आहे.

वीज गेली म्हणजे काय, हा प्रश्न या भागांत कोणी विसरूं शकत नाहीं. येथें तारेचा आणखी एक गुण कामास येतो. माहितीबरोबर वीजहि त्याच तारेंतून छतावरील केंद्रास पोंचवितां येते, इ. स. २००३ च्या पहिल्या मानकाप्रमाणें १५.४ वॅटपर्यंत ती सोडतां येते. त्यामुळें छतांत प्लग लागत नाहीं, आणि कपाटांतील स्विचास इन्व्हर्टरचा आधार दिला, कीं सर्व घर जागें राहतें. दोन केंद्रें व एक कॅमेरा यांस प्रत्येकीं १० वॅट, स्विचास ८, बाहेरून येणाऱ्या पेटीस १२, असे धरले तर एकूण ५० वॅट होतात. जुन्या काळच्या ६० वॅटच्या एका दिव्याहूनहि कमी. मात्र सोळा तोंडांचा स्विच घ्यावा. आठांचा पुरणार नाहीं.

एका ठिकाणीं काटकसर करूं नये, आणि तें ठिकाण विजेचें, म्हणजे आकाशांतील विजेचें. मृगाच्या तोंडावर येथें विजा कडाडतात. मुख्य घरापासून गोठ्याकडे, गोदामाकडे किंवा शेजारच्या भावाच्या घराकडे अंगणावरून तांब्याची तार टांगणें म्हणजे विजेस घरांत येण्याची वाट करून देणें होय. वीज जवळ कोठें पडली, तरी अशा तारेंत झटका उत्पन्न होतो. यंत्रें जळतातच, पण त्या वेळीं यंत्रास हात लावून बसलेल्या मुलाच्या जिवासहि धोका असतो. दोन इमारतींमध्यें कांचेचा प्रकाशतंतुच घालावा, आणि तोहि आधाराची पोलादी तार नसलेला. कांचेंतून प्रकाश जातो, वीज जात नाहीं.

काम संपल्यावर ठेकेदारास पैसे देण्यापूर्वीं दोन गोष्टी करून घ्याव्या. प्रत्येक तारेच्या आठहि धाग्यांची उपकरणानें तपासणी व्हावी. एक धागा तुटका असला, तरी तार चालल्यासारखी दिसते, पण रखडत चालते. आणि प्रत्येक टोंकास क्रमांक लावून, कोणती तार कोठें गेली याचा नकाशा कपाटाच्या दाराच्या आंतील बाजूस चिकटवावा. भिंती बुजण्यापूर्वीं त्यांचीं छायाचित्रेंहि काढून ठेवावीं. पुढें कोणी खिळा ठोकील, तेव्हां त्यांचा उपयोग होईल.

इ. स. २०११ मध्यें मंजूर झालेल्या राष्ट्रीय प्रकाशतंतु योजनेस पुढें 'भारतनेट' हें नांव मिळालें; ग्रामपंचायतीपर्यंत तंतु नेणें हा तिचा हेतु. सरकार गांवापर्यंत नेईल, कंपनी फाटकापर्यंत नेईल. पण दिवाणखान्यापासून मागच्या खोलीपर्यंतचीं तीस पावलें घरधन्यासच चालावीं लागतात. पाट काढणारा शेतकरी पहिल्या वाफ्याकडे पाहत नाहीं. शेवटचा वाफा भिजला कीं नाहीं, तें पाहून तो फावडें खालीं ठेवतो. नकाशा काढणाऱ्यानें तसेंच प्रथम आजीच्या खाटेपाशीं उभें राहावें, तेथें भिंतीवर खडूनें एक खूण करावी, आणि मग तेथून कपाटाकडे मोजीत यावें. गवंडी दुसऱ्या दिवशीं गिलावा करणार असेल, तर ती खूण आज संध्याकाळींच करावी.