रकान्याची जात

भोर-वेल्ह्याकडील शेतकऱ्याच्या घरीं सातबाराचा उतारा जिवापाड जपलेला असतो. त्यांत गटक्रमांक, भोगवटादाराचें नांव, क्षेत्र असे रकाने असतात. अंकांचा रकाना कोणता व अक्षरांचा कोणता, हें माणसास सांगावें लागत नाहीं. संगणकाचें तसें नाहीं. तेथें माहितीचे तक्ते ज्यांत ठेवतात त्या डेटाबेसांत प्रत्येक रकान्याची जात आधीं ठरवावी लागते. मग वाचावयास आलेला प्रोग्राम ती विचारूं शकतो.

मौज आहे ती उत्तरांत. मजकुराची एक जात 'व्हारचार' या नांवाची आहे. जावा भाषेंत तिचा आंकडा १२. पायथन भाषेंतून विचारलें, तर पोस्टग्रेस हा डेटाबेस १०४३ सांगतो आणि मायएसक्यूएल २५३! जावांत आंकड्याबरोबर जातीचें नांवही विचारतां येतें, हें मला शहाणपणाचें वाटतें. पायथनच्या संकेताप्रमाणें प्रत्येक रकान्याविषयीं सात गोष्टी मिळतात, त्यांतली दुसरी जात. परंतु डेटाबेस एसक्यूलाइट असला, तर पहिलें नांव तेवढें येतें व पुढील साही जागा रित्या. तेथें जात सामान्यतः रकान्यास नव्हे, तर त्यांतील एकेका नोंदीस चिकटलेली असते.

आतां क्षेत्राचा रकाना घ्या. दशमान मापांचा कायदा १९५६ सालीं झाला. आजच्या उताऱ्यावर हेक्टर-आर असले, तरी जुन्या कागदांत एकर-गुंठेच आहेत, आणि वांटणीचीं बोलणींही त्यांतच चालतात. एकराचे गुंठे ४०. समजा, थोरल्याकडे २ एकर २ गुंठे व धाकट्याकडे २ एकर २० गुंठे आहेत. कोणी तें २.२ आणि २.२० असें टिपून रकान्यास दशांश संख्येची जात दिली, कीं यंत्राच्या लेखीं दोघे भाऊ सारखे! धाकट्याचें १८ गुंठ्यांचें भातखाचर गेलें. २ एकर २० गुंठ्यांची दुप्पट ५ एकर व्हावी, ती ४.४० होते. प्रोग्रामानें जात विचारली असती, तर 'संख्या' हें उत्तर मिळालें असतें, आणि तें खरेंही आहे!

पोटहिश्श्याची गत याहून विचित्र. एक्सेलच्या तक्त्यांत १२/३ लिहिलें, तर त्याची आपोआप तारीख होते. तो रकाना मजकुराचाच ठेवावा. क्षेत्र मात्र सरळ गुंठ्यांत मांडावें: थोरल्याचे ८२, धाकट्याचे १००. आणि रकान्याच्या नांवांतच 'गुंठे' हा शब्द घालावा. जातीच्या उत्तरांत तो कधींच यावयाचा नाहीं.