पियानोसारखा कीबोर्ड, पण खिशाला परवडणारा

आजचा भाग खास त्या पालकांसाठी, ज्यांना पियानोच्या शिक्षकांनी सांगितलंय, "आता घरी वेटेड कीबोर्ड घ्या," आणि दुकानात गेल्यावर प्रत्येक खोक्यावर काहीतरी वेगळंच लिहिलेलं दिसतंय. स्वतःसाठी शिकणाऱ्या मोठ्यांनाही हे सगळं लागू आहे. आपल्याकडे अजून कुठल्याही कीबोर्डला सरसकट 'कॅसिओ' म्हणतात. दीड फुटी खेळण्यालाही कॅसिओ आणि ८८ पट्ट्यांच्या पियानोलाही कॅसिओ! गोंधळ तिथूनच सुरू होतो.

विषय साधारण चाळीस ते पासष्ट हजार रुपयांचा आहे, आणि मध्यमवर्गीय घरात ही रक्कम दोनदा खर्च होत नाही. पैशांपेक्षाही मोठी गोष्ट वेगळी आहे. मूल वर्षभर घरी हलक्या पट्ट्यांवर रियाज करतं आणि क्लासमध्ये खऱ्या पियानोसमोर बसलं की तेच गाणं अडखळतं. काही सूर वाजतच नाहीत, काही धाडकन वाजतात. मुलाला वाटतं, आपल्यालाच येत नाहीये. खरं तर बोटांना त्या वजनाची सवयच झालेली नसते.

हे असं का होतं, ते आपल्या पेटीवरून लवकर कळेल. पेटीची पट्टी दाबली की फक्त हवेची वाट उघडते. आवाज लहानमोठा करणं भात्यावरच्या हाताचं काम. पट्टी हळू दाबा की जोरात, सुरात फारसा फरक नाही. पियानोत भाता नाही, सगळं काम बोटाचं. पट्टी दाबली की आतली हातोडी तारेकडे भिरकावली जाते. तारेला लागण्याच्या किंचित आधी पट्टी तिला सोडून देते, आणि शेवटचं अंतर हातोडी एकटी जाते. म्हणजे तुमच्या हातात काय राहिलं? तर तिचा वेग. तोच आवाजाची ताकद ठरवतो. इटलीत बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीनं १७०० च्या सुमारास ही युक्ती बसवली. वाद्याच्या नावातच 'पियानो' म्हणजे हळू आणि 'फोर्ते' म्हणजे जोरात, हे दोन शब्द आहेत.

डिजिटल वाद्यात तारा नसतात. पण चांगल्या कीबोर्डमध्ये प्रत्येक पट्टीमागे हातोडीसारखं वजन खरोखर बसवलेलं असतं. पट्टीखाली दोन सेन्सर असतात. पट्टी पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत किती वेळात पोचली, यावरून यंत्र वेग काढतं आणि तेवढ्या जोराचा सूर ऐकवतं.

आता खोक्यावरचे शब्द. 'टच सेन्सिटिव्ह' म्हणजे जोर ओळखतो, एवढंच. वजनाशी त्याचा संबंध नाही. 'सेमी-वेटेड' म्हणजे बहुतेक वेळा स्प्रिंग, जरा जड केलेली. तुम्हाला हवा तो शब्द आहे 'हॅमर ॲक्शन'. '८८ कीज' वाचून तर अजिबात भुलू नका. रोलंडच्या गो-पियानोचं ८८ पट्ट्यांचं मॉडेल आहे, त्यात हातोडीचं वजन नाही. अलेसिस रिसायटलला ८८ पट्ट्या आहेत, पण ते सेमी-वेटेड. यामाहाच्या एनपी मालिकेत 'ग्रेडेड सॉफ्ट टच' असं भारदस्त नाव आहे, प्रत्यक्षात पट्ट्या हलक्याच. ही वाद्यं वाईट नाहीत, शिक्षकांनी सांगितलेली वस्तू ही नव्हे, इतकंच.

उलट बाजूचाही एक गैरसमज आहे: जितकं जड तितकं चांगलं. अजिबात नाही! खऱ्या पियानोची मधली पट्टी साधारण पन्नासएक ग्रॅम वजनानं हळूच खाली जाते. दहा रुपयांची सात नाणी म्हणजे जवळपास ५४ ग्रॅम. दोन मॉडेलांत कुठलं जड आहे हे बघायचं असेल तर पट्टीच्या पुढच्या कडेवर नाणी रचून बघा. काटेकोर मोजमाप नाही हे, पण अंदाज येतो. दुकानदार हसेल, हसू द्या. सात-आठ वर्षांच्या मुलाला उगाच जड पट्टी दिली तर मनगट आखडतं आणि ती सवय लवकर सुटत नाही.

दुकानात गेलात की वाजवता येत नसलं तरी चार गोष्टी करून बघता येतात. एक सूर अगदी हळू, जवळजवळ वाजणारच नाही असा दाबा, आणि मग थोडा थोडा जोर वाढवत न्या. हळू आवाजाच्या किती पायऱ्या मिळतात ते ऐका. मोठा आवाज सगळेच देतात, खरी परीक्षा हळू आवाजाची. मग तोच सूर पट्टी पूर्ण वर येऊ न देता पटापट वाजवा. मधले सूर गळतात का बघा. तिसरा सेन्सर असलेल्या यंत्रात हे सोपं जातं.

तिसरी गोष्ट बहुतेक लोक बघतच नाहीत. पांढरी पट्टी पुढच्या कडेला न दाबता आत, काळ्या पट्ट्यांच्या मध्ये दाबून बघा. सुटसुटीत कीबोर्डमध्ये पट्टीची आतली लांबी कमी असते, तरफ आखूड पडते, त्यामुळे आत दाबताना एकदम जड लागतं. पाळण्याच्या दांडीला मध्ये धरून ढकलावं तसं. पहिल्या वर्षी हे जाणवत नाही. काळ्या पट्ट्यांचे कॉर्ड सुरू झाले की रोज जाणवतं.

आणि चौथं, आवाज शून्यावर आणून वाजवा. ठकठक किती येते? हेडफोन लावून रात्री रियाज करू म्हणता, पण ती ठकठक स्टँडमधून लादीत आणि लादीतून खालच्या मजल्यावरच्या काकांकडे जाते. खाली जाड रबरी मॅट घातली की बरीच कमी होते.

मग घ्यायचं कुठलं? फक्त बोटांखालची जाणीव बघायची तर या किमतीत माझा कौल रोलंड एफपी-१० ला. तीन सेन्सर आहेत, आणि पट्टी अगदी हळू दाबली की खऱ्या पियानोतला तो छोटासा अडथळाही जाणवतो. मात्र बाहेरच्या स्पीकरसाठी वेगळं आउटपुट नाही, हेडफोनच्या भोकातूनच काम भागवावं लागतं. घर लहान असेल, कीबोर्ड रोज कपाटावर ठेवायचा असेल तर कॅसिओची सीडीपी-एस मालिका बघा. वजन साडेदहा किलोच्या आसपास, आणि सहा पेन्सिल सेलवर चालतो. गावाकडे वीज जात असेल तर ही मोठीच सोय. यामाहाचा पी-४५ बरीच वर्षं 'पहिला पियानो' म्हणून खपला. २०२३ मध्ये त्याच्या जागी पी-१४५ आला. तो अधिक सडपातळ आहे, म्हणून वर सांगितलेली आत दाबण्याची परीक्षा त्यावर आवर्जून करा. तुमच्या गावापासून सर्व्हिस सेंटर कुठल्या कंपनीचं जवळ आहे हेही विचारा. कोकणातल्या दमट हवेत हा प्रश्न स्पेसिफिकेशनपेक्षा महत्त्वाचा ठरू शकतो.

वापरलेला घेताय? सगळ्या ८८ पट्ट्या एकेक करून, हळू आणि जोरात, दोन्ही वाजवा. लाज वाटून घेऊ नका, दहा मिनिटांचं काम आहे. हळू दाबल्यावर एखादा सूर मध्येच किंचाळला, तर आतल्या रबरी पट्टीवर धूळ किंवा ओल आहे. साफ होतं ते, पण त्याचा खर्च किमतीतून वजा करून मागा. एखादी पट्टी शेजारणीपेक्षा जास्त खटखटत असेल तर खालचं फेल्ट झिजलंय.

एक मात्र सांगतो. मुलगा गणपतीत, ऑर्केस्ट्रात गाणी वाजवणार असेल, ठेके आणि वेगवेगळ्या वाद्यांचे आवाज हवे असतील, तर वेटेड घेऊच नका. ६१ पट्ट्यांचा हलका अरेंजर कीबोर्ड कमी पैशात जास्त कामाला येईल. आणि परीक्षेला बसायचं असेल तर त्या बोर्डाच्या नियमावलीत वाद्याबद्दल काय लिहिलंय ते खरेदीआधी शिक्षकांसोबत वाचा.

बजेटमधून स्टँड, उंची जुळणारं बाकडं आणि बरं पेडल यांचे पैसे आधीच बाजूला काढा. सोबत मिळणारं चपटं पेडल गुळगुळीत लादीवर पळत सुटतं. स्टँडमध्ये इंग्रजी एक्ससारखा डुगडुगणारा टाळा, चार पायांचा घ्या. पेडल कसं वापरायचं, त्यावर पुढच्या भागात बोलू. तुम्ही दोन मॉडेलांत अडकला असाल तर दोन्हींची नावं आणि मुलाचं वय लिहून पाठवा, त्या भागात उत्तरं घेतो.