साबण आणि कथा : अमेरिकेतील गृहिणींच्या मालिकांचा इतिहास



ज्या बाईंच्या स्मरणार्थ आपली संस्था ही व्याख्यानमाला चालवते, त्यांनी या शाळेत आयुष्यभर भाषा शिकवली. त्यामुळे वक्त्याने संतवाङ्मयावर, निदान केशवसुतांवर तरी बोलावे, ही अपेक्षा रास्तच आहे. मी विषय कळवला तेव्हा चिटणीसांनी दोनदा खात्री करून घेतली की 'सोप ऑपेरा' हाच शब्द आहे ना. हाच आहे. मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने असा विषय का घ्यावा, याचे उत्तर ओघात येईलच. कथाकथनाचा जो प्रकार सुशिक्षितांनी नव्वदांहून अधिक वर्षे हिणवला आणि कोट्यवधी स्त्रियांनी दीर्घकाळ उराशी धरला, तो वाङ्मयाच्या अभ्यासकाला डावलता येत नाही, एवढेच आरंभी सांगतो.

प्रथम नावाविषयी. अमेरिकेत घोडेस्वारांच्या मारामारीच्या चित्रपटांना थट्टेने 'हॉर्स ऑपेरा' म्हणत. त्याच चालीवर, साबण विकणाऱ्या कंपन्यांच्या पैशाने चालणाऱ्या दिवसाच्या नभोवाणी-मालिकांना 'सोप ऑपेरा' हे नाव पडले. ऑपेरा हा उच्चभ्रूंचा कलाप्रकार, साबण ही मोरीतली वस्तू. दोन्ही शब्द शेजारी ठेवले की हसू यावे, हाच नाव ठेवणाऱ्यांचा हेतू होता. नावातच कुचेष्टा असलेला दुसरा कथाप्रकार मला आठवत नाही.

या प्रकाराची जननी इर्ना फिलिप्स ही मूळची शाळाशिक्षिका. शाळेच्या सभागृहात उभा राहून मी हे मुद्दाम सांगतो. ओहायो राज्यातील डेटन येथे अध्यापन करून ती शिकागोला आली आणि तेथील 'डब्ल्यूजीएन' या नभोवाणी केंद्रात शिरली. हे केंद्र तेव्हा 'शिकागो ट्रिब्यून' या वृत्तपत्राच्या मालकीचे होते. केंद्राने तिला स्त्रियांसाठी रोजचे कौटुंबिक नाट्य लिहिण्यास सांगितले आणि 20 ऑक्टोबर 1930 रोजी 'पेंटेड ड्रीम्स' सुरू झाले. मदर मॉयनिहान नावाची आयरिश वंशाची आई, तिची वाढती मुले आणि घरातली पाहुणी एवढाच संसार. लेखन फिलिप्सबाईंचे आणि आईची भूमिकाही त्यांचीच. त्याच केंद्रावरून त्याच वर्षी 'क्लारा, लू अँड एम' ही तीन शेजारणींच्या गप्पांची मालिका रात्री प्रसारित होऊ लागली होती. फेब्रुवारी 1932 मध्ये कोलगेट-पामोलिव्ह कंपनीच्या आश्रयाने ती दिवसा ऐकू येऊ लागली. पहिली मालिका कोणती, यावर तिकडचे अभ्यासक वाद घालतात. तो वाद त्यांच्यावर सोपवावा.

मला महत्त्वाचा वाटतो तो दुसराच वाद. आपली कथा राष्ट्रीय जाळ्यावर न्यावी, असे फिलिप्सबाईंना वाटले. केंद्राने नकार दिला. कथा आमची, असे सांगितले. बाई केंद्र सोडून गेल्या आणि न्यायालयात गेल्या. खटला वर्षानुवर्षे रेंगाळला आणि शेवटी निकाल त्यांच्याविरुद्ध लागला. पगारी माणसाने नोकरीत निर्माण केलेली कृती ही मालकाची, हा त्यातला मुद्दा. दरम्यान 1932 मध्येच त्यांनी 'डब्ल्यूएमएक्यू' या केंद्रावर 'टुडेज चिल्ड्रन' सुरू केले होते. त्यातही एक आई होतीच, फक्त आडनाव बदलून मोरान झाले होते. या आईच्या चित्रणामागे त्यांची स्वतःची आई होती. ती वारल्यावर त्यांनी ही चालती मालिका बंद केली. निव्वळ धंद्याच्या हिशेबाने लिहिणारा माणूस असे करीत नाही.

दुसरे घराणे न्यूयॉर्कचे. फ्रँक आणि ॲन हमर्ट हे जाहिरात व्यवसायातले दांपत्य. 'जस्ट प्लेन बिल', 'द रोमान्स ऑफ हेलन ट्रेंट', 'मा पर्किन्स' या मालिका त्यांच्या. त्यांची पद्धत कारखान्याची होती. कथेचा आराखडा दोघे ठरवीत आणि संवाद भरण्याचे काम पगारी लेखकांकडे देत. फिलिप्सबाई स्वतः सर्व पात्रांचे संवाद अभिनयासह बोलून दाखवीत आणि लेखनिका ते टंकलिखित करी. वर्षाला वीस लाख शब्द त्या लिहीत, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. हमर्टांकडे प्रेमकथा आणि संकटांचा भडिमार अधिक, फिलिप्सबाईंकडे वकील, डॉक्टर, धर्मोपदेशक आणि संथ संभाषणे अधिक. हेलन ट्रेंटची प्रतिज्ञाच अशी की पस्तिशी उलटलेल्या स्त्रीच्या आयुष्यातही प्रेम असू शकते. ते सिद्ध करण्यासाठी ती 1933 पासून 1960 पर्यंत पस्तिशीतच राहिली. आपल्या पुराणांतल्या चिरतरुण अप्सरांनाही हेवा वाटावा.

'मा पर्किन्स' मात्र मला अधिक जवळची वाटते. रशव्हिल सेंटर नावाच्या काल्पनिक गावात लाकडाची वखार चालवणारी विधवा. भूमिका करणाऱ्या व्हर्जिनिया पेन आरंभी अवघ्या 23 वर्षांच्या होत्या. 1933 ते 1960 अशी सत्तावीस वर्षे, 7,065 भागांत, त्यांनीच हा आवाज दिला. प्रायोजक प्रॉक्टर अँड गॅम्बल आणि माल 'ऑक्सिडॉल' ही कपडे धुण्याची पूड. दुसऱ्या महायुद्धात या काल्पनिक विधवेचा मुलगा जॉन रणांगणावर मारला गेला. ज्यांचे स्वतःचे मुलगे तेव्हा युरोपात लढत होते त्या मातांनी ते ऐकले. जाहिरातीच्या दोन तुकड्यांमध्ये बसवलेले ते दुःख कृत्रिम होते असे म्हणण्याचे धाडस मला होत नाही.

रचनेचा थोडा विचार करू. भाग पंधरा मिनिटांचा, सोमवार ते शुक्रवार. ऑर्गनचे सूर, निवेदकाकडून मागच्या कथेचा गोषवारा, मग साबण, मग दोन छोटे प्रसंग, पुन्हा साबण, आणि उद्याची हुरहूर. कथा गोगलगायीच्या गतीने जाते हा नेहमीचा आक्षेप. पण ऐकणारी स्त्री भांडी घासत होती, इस्त्री करीत होती, दाराशी आलेल्या दूधवाल्याला पैसे देत होती. मधला दिवस चुकला तरी तिचा धागा तुटू नये म्हणून तीच वार्ता एक पात्र दुसऱ्याला आणि दुसरे तिसऱ्याला सांगते. प्रत्येकाच्या तोंडी ती थोडी बदलते, आणि घटनेपेक्षा त्या बदलात रस निर्माण होतो. आपल्या कीर्तनकाराला पुनरुक्तीचे हे मर्म ठाऊक होते. हरिभाऊंची 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरीही 'करमणूक'मधून क्रमशः येत होती, हे आपण पुस्तकरूपात वाचताना विसरतो. मात्र हरिभाऊंना शेवट होता. सोप ऑपेराला शेवट नाही. विवाह हा इतर कथांचा शेवट असतो. येथे तो संकटाचा प्रारंभ.

विद्वानांनी या प्रकाराची दखल घेतली ती आरोपीसारखी. 1942 मध्ये लुई बर्ग या न्यूयॉर्कच्या मानसोपचारतज्ज्ञाने या मालिका स्त्रियांच्या प्रकृतीला घातक असल्याचे जाहीर केले. वृत्तपत्रांनी ते उचलून धरले. पुढे कळले की त्यांनी मालिका ऐकताना ज्याची नाडी आणि रक्तदाब मोजला, तो मनुष्य ते स्वतःच होते! याउलट व्हिएन्नाहून आलेल्या हेर्टा हर्झोग या विदुषीने साधी गोष्ट केली. ऐकणाऱ्या स्त्रियांनाच जाऊन विचारले. न्यूयॉर्क परिसरातील शंभर स्त्रियांच्या मुलाखतींवर आधारलेला तिचा निबंध 1941 चा. रडून मन हलके होते, नसलेले सुख कल्पनेने भोगता येते आणि अडचणीत कसे वागावे याचा सल्ला मिळतो, अशी तीन कारणे तिच्या अभ्यासातून पुढे आली. तिसरे कारण आपण नीट ऐकावे. सल्ला द्यायला जिला कोणी नाही, अशी बाई रेडिओला विचारत होती. रुडॉल्फ आर्नहाइम यांनी 1944 मध्ये प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणात दुसरी बाजू दाखवली: या जगात स्त्रिया खंबीर आणि पुरुष दुबळे, पण कारखान्यातला मजूर जवळजवळ नाहीच, आणि दुःखाचे कारण नेहमी कुणी दुष्ट व्यक्ती, समाजव्यवस्था कधीच नव्हे. हा आक्षेप मला मान्य आहे. साबणवाल्याला व्यवस्थेशी भांडण परवडत नसते.

दूरचित्रवाणी आली तेव्हा पाहणाऱ्या बाईने काम कसे करायचे, ही शंका होती. फिलिप्सबाईंचा 1949 चा पहिला प्रयत्न महिन्याभरात आटोपला. पण 1937 पासून नभोवाणीवर चालू असलेली त्यांचीच 'द गायडिंग लाइट' 30 जून 1952 रोजी सीबीएस वाहिनीवर दिसू लागली. काही वर्षे तीच कथा एकाच दिवशी ऐकताही येई आणि पाहताही येई. 2 एप्रिल 1956 रोजी त्यांची 'ॲज द वर्ल्ड टर्न्स' अर्ध्या तासाची होऊन आली. इतका वेळ कोण बघणार, ही प्रायोजकांची भीती फोल ठरली. 25 नोव्हेंबर 1960 रोजी सीबीएसने नभोवाणीवरील उरलेल्या चार मालिका एकाच दिवशी संपवल्या. 'मा पर्किन्स' त्यांतलीच. 'ॲज द वर्ल्ड टर्न्स' 1975 पर्यंत थेट प्रसारित होत असे. 22 नोव्हेंबर 1963 च्या दुपारी तिचा भाग चालू असतानाच मध्ये वॉल्टर क्रॉन्काइट यांचा आवाज आला: अध्यक्ष केनेडींवर डॅलसमध्ये गोळ्या झाडल्या गेल्या आहेत. आपल्या भागात व्यत्यय आला आहे याची कल्पना नसलेले नट तिकडे संवाद म्हणतच होते.

आता या व्याख्यानाचा माझ्या दृष्टीने गाभा. ॲग्नेस निक्सन ही फिलिप्सबाईंची शिष्या. 1960 च्या दशकारंभी ती 'द गायडिंग लाइट'ची लेखिका होती. गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाने तिची एक मैत्रीण गेली होती. तो रोग लवकर ओळखणारी तपासणी, डॉ. पापानिकोलाऊ यांनी शोधलेली, वैद्यकाला ठाऊक होती. पण कित्येक स्त्रिया ती करून घेत नसत, कारण त्या अवयवाचे नावच घरात उच्चारले जात नसे. बर्ट बाउअर या लोकप्रिय पात्राला हा रोग होतो, वेळेवर तपासणी झाल्याने ती वाचते, अशी कथा निक्सनबाईंनी मांडली. प्रायोजक आणि वाहिनी, दोघांनीही पाय मागे घेतले. अखेर परवानगी मिळाली ती एका अटीवर: 'कर्करोग', 'गर्भाशय' आणि 'गर्भाशय काढून टाकण्याची शस्त्रक्रिया' हे शब्द कोणी उच्चारायचे नाहीत. तिने ती अट पाळून 1962 मध्ये ही कथा लिहिली. 'विचित्र पेशी' वगैरे आडवळणे घेतली, आणि प्रेक्षक स्त्रियांना जे कळायचे ते कळले. आयुष्यभर अलंकारशास्त्र शिकवून मी विद्यार्थ्यांना व्यंजना समजावली. तिच्यावर स्त्रियांचे प्राण अवलंबून असल्याचे इतके सरळ उदाहरण मला ग्रंथांत सापडले नव्हते. त्या काळी सन्मान्य रंगभूमीनेही या विषयाला हात लावला नव्हता. लावला तो धुण्याच्या पुडीच्या मालिकेने. पुढे निक्सनबाईंनी 'वन लाइफ टू लिव्ह' (1968) आणि 'ऑल माय चिल्ड्रन' (1970) निर्माण करून वर्णद्वेष, युद्ध आणि गर्भपात हे विषय त्या दुपारच्या वेळेत आणले.

गुरूची अखेर मात्र वेगळी झाली. आपल्या काही मालिकांचे हक्क फिलिप्सबाईंनी प्रॉक्टर अँड गॅम्बलला विकले होते. 1973 मध्ये कंपनीने त्यांना 'ॲज द वर्ल्ड टर्न्स'च्या लेखनातून दूर केले. त्याच वर्षी डिसेंबरात त्या वारल्या. जिने 'पेंटेड ड्रीम्स'साठी न्यायालय गाठले, तिच्याच हातून तिची दुसरी कथा अशी गेली.

वैभवाचा काळ थोडक्यात सांगतो, कारण त्यात मला फारसा रस नाही. 'जनरल हॉस्पिटल'मधील ल्यूक आणि लॉरा यांचा विवाह नोव्हेंबर 1981 मध्ये सुमारे तीन कोटी लोकांनी पाहिला. नंतर स्त्रिया नोकरीसाठी बाहेर पडल्या, वाहिन्या वाढल्या, 1995 मध्ये ओ. जे. सिम्पसन खटल्याच्या थेट प्रक्षेपणाने मालिकांची वेळ महिनोन्महिने गिळली. 'द गायडिंग लाइट' 18 सप्टेंबर 2009 रोजी विझला. नभोवाणीपासून मोजल्यास बहात्तर वर्षांनी. 'ॲज द वर्ल्ड टर्न्स' पुढच्या वर्षी संपली. 'डेज ऑफ अवर लाइव्ह्ज' 2022 मध्ये वाहिनी सोडून इंटरनेटवर गेली.

आपल्याकडे हे लोण थेट अमेरिकेतून आले, हा समज अर्धाच खरा आहे. 1990 नंतर उपग्रहवाहिनीवरून 'सांता बार्बारा' आणि 'द बोल्ड अँड द ब्यूटिफुल' आपल्या दिवाणखान्यात आल्या, हे खरे. पण त्याआधीची वाट मेक्सिकोतून येते. तेथील मिगेल साबिदो यांनी साक्षरता आणि कुटुंबनियोजनासाठी मालिकांचा उपयोग केला होता. वसंतराव साठे माहिती व नभोवाणी मंत्री असताना त्यांनी तो प्रयोग पाहिला आणि त्यातून मनोहर श्याम जोशी यांची 'हम लोग' आली. 7 जुलै 1984 ते 17 डिसेंबर 1985, दीडशेहून अधिक भाग. प्रत्येक भागाअखेर अशोककुमार येऊन चार शब्द बोलत, ती कल्पनाही साबिदोंच्या पद्धतीतली. लोकांनी लाखांनी पत्रे लिहिली. हर्झोगबाईंच्या शंभर स्त्रियांप्रमाणे हे लोकही सल्ला विचारीत होते.

फेब्रुवारी 2025 मध्ये सीबीएसने 'बियाँड द गेट्स' ही नवी दैनंदिन मालिका सुरू केली. तिची मुख्य पात्रे कृष्णवर्णीय आहेत आणि निर्मितीत प्रॉक्टर अँड गॅम्बलचा पुन्हा हात आहे. थेट प्रसारित झालेले सुरुवातीचे हजारो भाग मुद्रित न झाल्याने कायमचे नाहीसे झाले. फिलिप्सबाईंची कागदपत्रे मात्र मॅडिसन येथील विस्कॉन्सिन ऐतिहासिक संस्थेत जपून ठेवलेली आहेत, आणि तेथे ती अभ्यासकांना पाहता येतात.