पाचव्या चाकाचे वय

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सभासदांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



रौप्यमहोत्सवाच्या व्याख्यानात टायरवर काय बोलायचं, असं काही जणांना वाटेल. पण आपली सोसायटी पंचवीस वर्षांची झाली, तशा आपल्या पार्किंगमधल्या गाड्याही वयात आल्या आहेत. मुलं नोकरीनिमित्त बाहेरगावी, परदेशी. मागे राहिलेल्या गाड्या भाजी, दवाखाना, एखादं लग्न आणि वर्षातून एकदा कुलदैवत एवढंच फिरतात. अशा गाडीच्या मालकांकडून एक वाक्य मी हमखास ऐकतो : "स्टेपनी एकदाही काढलेली नाही हो, नवीकोरी आहे!" आज बोलायचं ते या 'नवीकोरी' शब्दाबद्दल.

आधी 'स्टेपनी' या शब्दाची गंमत सांगतो. वेल्समध्ये लॅनेली नावाचं गाव आहे. तिथल्या स्टेपनी स्ट्रीटवर डेव्हिस बंधूंचं दुकान होतं. त्यांनी १९०४ साली मोटारीसाठी जादा चाक काढलं. तोवर गाडीबरोबर जादा चाक नसायचंच. हे चाक म्हणजे आऱ्या नसलेली, हवा भरलेल्या टायरची कडी. पंक्चर झालेल्या चाकावरच ती पकडीने बसवायची आणि गाव गाठायचं. रस्त्याचं नाव चाकाला मिळालं आणि आपल्याकडे ते आजही टिकून आहे. म्हणजे स्टेपनी ही जन्मापासूनच 'वेळ मारून नेण्यासाठी'.

मधल्या काळात मात्र ती बरोबरीची झाली. अॅम्बॅसिडर, फिएट आठवा. पाचही चाकं एका मापाची. दर काही हजार किलोमीटरला गॅरेजवाला चाकं फिरवायचा, तेव्हा स्टेपनी खाली उतरायची आणि खालचं एक चाक डिकीत जायचं. पाचही टायर बरोबर झिजायचे आणि बरोबर बदलले जायचे. डिकीत म्हातारा टायर राहण्याचा प्रश्नच फारसा यायचा नाही.

आता बऱ्याच गाड्यांत स्टेपनी लहान असते. तिचे दोन प्रकार नीट लक्षात घ्या. पहिला, खरोखरचा बारीक टायर. त्याच्या बाजूवर मापाच्या आधी इंग्रजी 'टी' अक्षर असतं, जसं टी १२५/७०. हा 'टी' म्हणजे टेम्पररी, तात्पुरता. त्यात हवा साधारण ६० पीएसआय लागते, म्हणजे नेहमीच्या तीस-बत्तीसच्या जवळपास दुप्पट. दुसरा प्रकार आपल्याकडे अधिक दिसतो. खाली मोठी अलॉय चाकं आणि डिकीत इंचभर लहान, अरुंद, पत्र्याचं चाक. त्याची हवा किती, ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर किंवा गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. दोन्ही प्रकारांवर बहुधा '८०' आकड्याचा स्टिकर असतो. ताशी ८० किलोमीटर ही त्याची कमाल मर्यादा. त्या वेगाने जायलाच हवं असं नाही.

ही लहान स्टेपनी इतर चाकांत फिरवता येत नाही. त्यामुळे गाडी शोरूममधून निघाली त्या दिवशी ती डिकीत गेली, ती तिथेच राहते. चार टायर दोनदा बदलले जातात, बॅटरी तीनदा बदलते, पण पाचवं चाक तसंच. त्याच्यावरचे रबराचे बारीक केसही शाबूत असतात. म्हणून ते नवं दिसतं.

पण रबर नुसतं झिजून म्हातारं होत नाही. टायर बनवताना रबर गंधकाबरोबर तापवून पक्कं करतात. त्यानंतरही उष्णता आणि हवेतला प्राणवायू आपलं काम करतच राहतात. रबर कडक होतं, त्याची लवचीकता जाते. टायरच्या पोटात पोलादी तारांचे पट्टे असतात, त्यांची आणि रबराची पकड सैल होत जाते. प्राणवायू आतूनही शिरतो, कारण आत दाबाने हवाच भरलेली असते. शिवाय टायरमध्ये रबराचं रक्षण करणारी मेणासारखी द्रव्यं असतात. टायर फिरला, दबला की ती पृष्ठभागावर येतात. पडून राहिलेल्या टायरला तेवढंही संरक्षण मिळत नाही. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीची डिकी उघडून पाहा, आत भट्टी असते. काही गाड्यांची स्टेपनी पोटाखाली टांगलेली असते, तिला चिखलपाणी. काहींची मागच्या दारावर, तिला ऊन.

अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने अॅरिझोनातल्या फिनिक्स या कडक उन्हाच्या शहरातल्या गाड्यांचे टायर उतरवून तपासले होते. त्यात न वापरलेल्या स्टेपन्यांचं रबरही खराब होत असल्याचं दिसलं. वापरातल्या टायरपेक्षा सावकाश, पण खराब होत होतं. फिनिक्सचा उन्हाळा आपल्या नागपूर-अकोल्याला नवा नाही.

माझं आयुष्य बँकेत गेलं, म्हणून तिथला दाखला देतो. दोन वर्षं व्यवहार नसला की खातं निष्क्रिय होतं. दहा वर्षं कोणी फिरकलं नाही, तर ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार निधीत जाते. पण खातेदार कागदपत्रं घेऊन आला, तर पैसे परत मिळतात. टायरची गेलेली वर्षं कोणत्याही कागदावर परत मिळत नाहीत.

मग वय ओळखायचं कसं? टायरच्या बाजूवर लंबगोल चौकटीत चार आकडे असतात, बहुधा 'डीओटी' या अक्षरांच्या ओळीच्या शेवटी. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१४ म्हणजे २०१४ सालचा तेविसावा आठवडा, जूनची सुरुवात. तीनच आकडे दिसले तर टायर २००० सालापूर्वीचा, निदान आपल्या सोसायटीएवढा म्हातारा समजा. हे आकडे पुष्कळदा एकाच बाजूला असतात आणि ती बाजू डिकीत खाली असते. तेव्हा चाक उचलून उलटं करावं लागेल. ज्येष्ठांनी एकट्याने उचलू नये. कंबर धरली तर पंक्चरपेक्षा महाग पडेल.

आता मुख्य प्रश्न : किती वर्षांपर्यंत चालेल? अनेक मोटार कंपन्या सहा वर्षांनंतर टायर बदला म्हणतात. मिशलिनसारखी टायर कंपनी सांगते, की पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्या आणि बनवल्यापासून दहा वर्षं झाली की वरून चांगला दिसला तरी बदला, स्टेपनीसुद्धा. माझं मत त्याच धरून आहे. सहा वर्षांपर्यंत हवा सांभाळा. सहा ते दहा दरवर्षी तपासा. भेगा, फुगवटा दिसला तर लगेच काढा. दहाच्या पुढे ती स्टेपनी नाही, नुसतं वजन आहे.

यावर उत्तर येतं, "अहो, पंक्चरवाल्यापर्यंत पाच किलोमीटर तर जायचंय!" मान्य. पण पंक्चर जागा विचारून होत नाही. गल्लीतल्या वेगाला जुना टायर कदाचित निभावेलही. मात्र आपण मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर असू, गाडीत चार माणसं आणि गणपतीचं सामान असेल, तेव्हा तोच अरुंद, कडक झालेला टायर सगळा भार घेऊन तापतो. जुन्या टायरचा धोका असा, की तो आधी कुरकुरत नाही. पट्टा सुटला की एकदम सुटतो. समृद्धी महामार्ग सुरू झाल्यावर टायर फुटून अपघात होऊ लागले, तेव्हा आरटीओने प्रवेशावर टायर तपासणी सुरू केली आणि गुळगुळीत टायरच्या गाड्या परत पाठवल्या. ती चाकांवरच्या टायरची तपासणी. डिकीतल्या पाचव्याची तपासणी आपली आपणच करायची.

बदलायला गेलात तर बारीक 'टी' टायर दुकानात सहजी मिळत नाही, मागवावा लागतो. त्याच्या रिमवर नेहमीचा रुंद टायर चढवण्याचा जुगाड करू नका. डिकीतल्या खड्ड्यात मावत असेल, तर खालच्या मापाचंच पूर्ण चाक घेणं उत्तम. चार टायर बदलताना काढलेल्यातला बरा टायर स्टेपनीला ठेवतात. चालेल, पण आधी त्याचे चार आकडे वाचा. नाहीतर एक म्हातारा जाऊन दुसरा येतो. २०२० च्या नियमबदलापासून ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्ती किट असलेल्या मोटारींना स्टेपनीची सक्ती राहिलेली नाही. पण किटमधल्या द्रवालाही मुदत असते आणि टायरची बाजू फाटली असेल तर त्याचा उपयोग नाही.

चांगली स्टेपनी असली तरी चार गोष्टी पाळा. एक, महिन्याला साधारण एक पीएसआय हवा आपोआप कमी होते, म्हणून पंपावर गेलात की पाचव्यातही भरून घ्या. दोन, रबरी व्हॉल्व्ह, जॅक आणि पाना पावसाळ्याआधी पाहून ठेवा. तीन, इंजिनाचा जोर पुढच्या चाकांना असेल आणि पुढचंच पंक्चर झालं, तर सुरक्षित जागा मिळताच मागचं चांगलं चाक पुढे घ्या आणि लहान स्टेपनी मागे लावा. लहानमोठी चाकं पुढे राहिली तर गिअरबॉक्समधल्या डिफरन्शियलवर ताण येतो. डॅशबोर्डवर एखादा दिवा लागला तर घाबरू नका, चाकांच्या वेगातल्या फरकाने तसं होतं. चार, स्टेपनीवर गाव बदलू नका. पंक्चर काढा, मूळ चाक लावा, मग पुढे. आणि स्टेपनी दहा वर्षांच्या वरची निघाली, तर गाडी उचलून नेणारी गाडी बोलवा. त्या बिलाचं वाईट वाटून घेऊ नका.

शेवटी कार्यकारिणीला एक विनंती. दसऱ्याला आपण पार्किंगमध्ये गाड्या धुतो, झेंडूचा हार घालतो, चाकांना हळदकुंकू लावतो. पूजा चार चाकांची होते, पाचवं अंधारात राहतं. यंदा दसऱ्याच्या आदल्या रविवारी सकाळी तास-दोन तास सगळ्यांनी डिक्या उघडाव्यात. तरुण मंडळींनी चाकं उचलावीत, आम्ही चष्मे लावून आकडे वाचू. पार्किंगच्या रजिस्टरमध्ये गाडीच्या नंबरापुढे एक रकाना वाढवावा : स्टेपनीचं साल. ज्यांची मुलं दूर आहेत, त्यांच्या गाड्यांपासून सुरुवात करू. रकाना आखून द्यायचं काम माझ्याकडे.