टॅब पडला तर? आणि पिशवीतून निघालाच नाही तर?

बाहेर पाऊस आहे. नेदरलँड्समध्ये ही काही बातमी नव्हे. पण अशा पावसात सकाळी साडेसातला तुमच्या गल्लीतून रेनकोट घातलेली एक बाई सायकलवरून घाईघाईने जाताना दिसली, तर ती कदाचित वाइकझस्टर असेल, म्हणजे घरोघरी जाणारी नर्स. एका आजींना इन्सुलिन, पुढच्या आजोबांच्या पायात ते घट्ट मोजे चढवणं, तिसऱ्या घरी जखमेची पट्टी. आणि प्रत्येक घरी एक नोंद. पूर्वी ही नोंद रुग्णाच्या घरीच ठेवलेल्या फाइलमध्ये व्हायची, आता ती टॅबवर होते. आज त्या टॅबबद्दल बोलायचं आहे.

मी आयटी सल्लागार. काही वर्षांपूर्वी अशाच एका संस्थेसाठी टॅब निवडायचं काम माझ्याकडे आलं. एमबीए झालेल्या माणसाने करावं तेच मी केलं. तक्ता बनवला, गुण दिले आणि सगळ्यात दणकट टॅब पहिला आला.

दणकट म्हणजे काय, ते आधी सांगते. खोक्यावर आयपी ६५ किंवा आयपी ६७ असं लिहिलेलं असतं. त्यातला पहिला आकडा धुळीचा. ६ म्हणजे धूळ अजिबात आत जात नाही. दुसरा पाण्याचा. ५ म्हणजे नळीतून मारलेलं पाणी सोसतं, ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडालं तरी चालतं. दुसरी खूण अमेरिकी लष्कराच्या मिल-स्टँडर्ड ८१० ची. त्यातल्या एका प्रसिद्ध चाचणीत यंत्र १२२ सेंटीमीटरवरून २६ वेळा पाडतात. सहा बाजू, बारा कडा, आठ कोपरे, झाले सव्वीस. ऐकायला भारी वाटतं. पण हे २६ आपटे पाच वेगवेगळ्या नगांमध्ये वाटून घ्यायची मुभा असते. शिवाय लष्कर कुणाला प्रमाणपत्र देत नाही. चाचणी उत्पादक स्वतः करतो किंवा प्रयोगशाळेकडून करून घेतो. म्हणून विक्रेत्याला नुसतं 'पास आहे का' विचारू नका. कुठली चाचणी, किती उंचीवरून, किती नगांवर, हे विचारा.

मी हे सगळं विचारलं होतं. टॅब खरोखर मजबूत होते. वजन मात्र किलोच्या वर, साध्या टॅबच्या जवळजवळ दुप्पट.

तीन महिन्यांत एकही टॅब फुटला नाही. मी खूश. मग एक दिवस संस्थेतून फोन आला. सकाळच्या नर्सने एका आजींना इन्सुलिन दिलं होतं, पण नोंद कागदाच्या चिठ्ठीवर केली, घरी जाऊन टॅबवर चढवीन म्हणून. थोड्या वेळाने बदलीवरची नर्स आली. टॅबवर सकाळची जागा रिकामी. आजींना नीट आठवत नव्हतं. त्या नर्सने सुई भरायच्या आधी फोन केला, म्हणून वाचलो. दुसरा डोस गेला असता, तर साखर किती खाली गेली असती, हे घरात मधुमेह असलेल्यांना सांगायला नको.

मग मी जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. एका नर्सबरोबर सकाळभर सायकलवर फिरले. टॅब फुटत का नव्हते, ते दुसऱ्याच घरी कळलं. ते पिशवीतून बाहेरच निघत नव्हते! ओल्या काचेला बोट कळेना, हातमोज्याचं बोट तर नाहीच. लांबलचक पासवर्ड, त्यावर फोनवर येणारा आकडा, आणि दहा मिनिटांची भेट. त्यापेक्षा चिठ्ठी बरी, असं कुणालाही वाटेल.

तेव्हा मला आई आठवली. ती सातारा जिल्ह्यात उपकेंद्रावर नर्स होती. तिचं रजिस्टर प्लास्टिकच्या पिशवीत, ती पिशवी कापडी पिशवीत. ती नोंद दारातच करायची. "घरी जाऊन लिहीन म्हटलं की विसरलंच," असं म्हणायची. तिच्या रजिस्टरला कुणी पासवर्ड मागत नव्हतं, हेही खरं.

हा प्रश्न फक्त इथलाच नाही. २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले, हे तुम्ही वाचलं असेल. मोबाइल तापायचे, मेमरी अपुरी पडायची, आणि अ‍ॅप इंग्रजीत. ज्या बाईला कुपोषित बाळाचं वजन मराठीत लिहायचं आहे, तिच्या हातात इंग्रजी अ‍ॅप दिलं तर मोबाइल कितीही भक्कम असून काय उपयोग?

उलट उदाहरणही इथलंच. योस द ब्लोक यांनी २००६ मध्ये स्थापन केलेली ब्यूर्टझोर्ख. जास्तीत जास्त १२ जणांची टीम, आणि कामाचे निर्णय टीमचे. त्यांची संगणकप्रणालीही नर्सेसना विचारत विचारत घडली.

दणकट टॅबची गरजच नाही, असं मी म्हणत नाही. रुग्णवाहिकेत, विजेच्या खांबावर, बंधाऱ्याच्या पाहणीत तो हवाच. तिथे उन्हात दिसणारा पडदा आणि चालू असतानाच बदलता येणारी बॅटरी यांचे पैसे वसूल होतात. रुग्णालयात जंतुनाशकाने रोज पुसता येणारं बंद आवरणही लागतं. पण सायकलवरच्या नर्सला आम्ही शेवटी हलका टॅब दिला, साधं रबरी कव्हर आणि हाताला पट्टा. ओळखपत्र टेकवलं की उघडणारा, आणि नेटवर्क नसलं तरी नोंद घेऊन ठेवणारा. दोन-चार फुटले. ते बदलले. चिठ्ठ्या मात्र थांबल्या.

आपल्यातले बरेच जण आयटीत आहेत. उद्या अशी खरेदी तुमच्या टेबलावर आली, तर तक्ता जरूर करा. पण त्याआधी एक सकाळ त्या कामावरच्या माणसाबरोबर घालवा. शक्यतो पावसातली, ती इथे सहज मिळते.