घरातील विद्युत-सुरक्षा : खर्च आणि मोल

(रुग्णालयाच्या वार्षिक स्नेहमेळाव्यात प्रशासकीय अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



जमाखर्चाची पाने आपल्या हाती आहेतच. त्या पानांत ज्याला रकाना नाही, अशा एका विषयावर थोडे बोलण्याची अनुमती घेतो. विजेच्या धक्क्याने हृदयाची लय बिघडली, तर पुष्कळदा रुग्णवाहिका दारात येण्यापूर्वीच सारे संपलेले असते. ‘मृतावस्थेत आणले’ एवढी नोंद अपघात विभागाच्या वहीत होते. देयक निघत नाही, निर्धन रुग्ण निधीतून एक रुपयाही खर्ची पडत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अलीकडील अहवालांनुसार, देशात विजेच्या धक्क्याने दरवर्षी दहा हजारांहून अधिक माणसे दगावतात.

आपल्या विदर्भात उन्हाळा आला की कूलर बाहेर निघतात. पत्र्याची पेटी, आत पाण्याचा पंप, खाली ओली फरशी आणि पाणी भरणारी व्यक्ती अनवाणी. पंपाच्या वायरचे वेष्टण कुठे विरलेले असले, की सबंध पत्र्यात वीज उतरते. महावितरण दरवर्षी याविषयी आवाहन करते. आपण ते वाचतो आणि पान उलटतो.

‘आमच्याकडे एम.सी.बी. बसवलेले आहेत’, असे उत्तर पुष्कळदा मिळते. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, अभियंता नव्हे. तरी येथील गणित आकडेमोडीचेच आहे. सहा अँपिअरचा एम.सी.बी. सहा अँपिअरहून अधिक प्रवाह वाहू लागल्यावर तुटतो, कारण त्याचे काम तारांचे रक्षण करणे हे आहे. ओल्या शरीराचा रोध सुमारे एक हजार ओहम धरला, तर २३० व्होल्टच्या दाबाने त्यातून सुमारे २३० मिलिअँपिअर प्रवाह जाईल. माणसाचा जीव जाण्यास तो पुरेसा आहे, पण एम.सी.बी.च्या दृष्टीने तो नगण्य आहे. माणूस पत्र्याला चिकटलेला असताना तो शांतपणे चालू राहतो.

हे काम आर.सी.सी.बी. नावाच्या उपकरणाचे. बाजारात त्याला अजूनही बरेच जण ई.एल.सी.बी. म्हणतात. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून पुरता परत आला की नाही, एवढेच ते पाहते; वाणिज्याच्या भाषेत सांगायचे तर रोजमेळ जुळवते. ३० मिलिअँपिअरची तूट दिसली की सेकंदाच्या काही शतांशांत वा फार तर दशांशांत वीज तोडते. सहा अँपिअर म्हणजे याच्या दोनशेपट, हे ध्यानात घ्यावे. घरासाठी ३० मिलिअँपिअरचेच घ्यावे. १०० किंवा ३०० चे उपकरण प्रामुख्याने आगीपासून बचावासाठी असते.

आय.एस.आय. चिन्ह असलेले असे उपकरण साधारणतः दोन-तीन हजार रुपयांत येते. बसविण्याची मजुरी निराळी. पत्र्याच्या चांगल्या कूलरला याहून अधिक पैसे आपण खळखळ न करता मोजतो. खर्चाचा खरा भाग पुढे येतो. जुन्या घरात हे उपकरण बसविले की ते वारंवार पडते, कारण कुठे वायर भिजलेली असते, तर कुठे दोन सर्किटांचे न्यूट्रल एकत्र केलेले असतात. मग मिस्त्री म्हणतो, ‘काढून डायरेक्ट करून देतो.’ त्याला तसे करू देऊ नये. उपकरण पडते आहे याचा अर्थ ते घरातील दोष दाखवीत आहे. तो दोष परवानाधारक कारागिराकडून शोधून घ्यावा, प्रसंगी एखाद्या खोलीची वायरिंग बदलावी लागली तरी.

अर्थिंगही सोडू नये. ते चांगले असेल तर दोष उद्भवताच, माणसाचा हात लागण्यापूर्वीच, आर.सी.सी.बी. वीज तोडते, नसेल तर ती तुटते, पण माणसाला क्षणभर धक्का बसून. शिवाय जमीन कोरडी पडली की अर्थिंगचा रोध वाढतो, आणि आपल्याकडे जमीन कोरडी पडते ती नेमकी कूलरच्या दिवसांत. एक मर्यादाही सांगतो. एका हाताने फेज व दुसऱ्याने न्यूट्रल धरला, तर आर.सी.सी.बी.ला काही कळत नाही. म्हणून पाणी भरताना प्लग काढून ठेवणे आहेच.

आता देणगीदारांसाठी थोडे स्पष्ट बोलतो. आपल्यापैकी अनेकांची घरे भाड्याने दिलेली आहेत. खर्च मालकाचा आणि लाभ भाडेकरूचा, म्हणून हे काम वर्षानुवर्षे राहून जाते. भाडेकरूही मागणी करीत नाही. बल्ब लागतो, पंखा फिरतो, तेवढ्यावर तो समाधानी असतो. आपल्या देणग्यांवर या रुग्णालयाच्या खाटा चालतात, हे मी कसे विसरेन? तरीही विनंती आहे की यंदाच्या धनादेशातून हवे तर पाच हजार रुपये कमी करावेत आणि ते भाड्याच्या त्या दोन खोल्यांत, घरकाम करणाऱ्या बाईंच्या वस्तीतील घरात खर्च करावेत. विश्वस्त मंडळासमोर मी हे जाणूनबुजून बोलत आहे.

उपकरणावर ‘टी’ अक्षराचे एक बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबावे; वीज गेली पाहिजे. न गेल्यास उपकरण बदलावे. आपल्या देखभाल विभागाने चहापानाच्या मेजाशेजारी एक बोर्ड मांडून ठेवला आहे. जाण्यापूर्वी प्रत्येकाने ते बटण एकदा स्वतः दाबून पाहावे.